ठाण्याहून दिल्ली: वयस्कर आईवडिलांसाठी राजधानी बोरिवलीला पकडावी की कल्याणला?

नौपाडाकर:
नमस्कार. डिसेंबरमध्ये आईवडिलांना घेऊन बहिणीकडे दिल्लीला जायचे आहे. वडील ७४ वर्षांचे आहेत आणि आई ७० वर्षांची. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे स्टेशनवरचे जिने आणि वरचा बर्थ, दोन्ही तिला झेपणार नाहीत. मुंबई सेंट्रलची राजधानी सुमारे साडेपंधरा तासांत नवी दिल्लीला पोहोचते, म्हणून तिचे तिकीट काढून बोरिवलीला चढावे, असे माझ्या मनात आहे. सीएसएमटीची राजधानी कल्याणला थांबते खरी, पण नाशिक, भोपाळ, आग्रा असा तिचा मार्ग असल्याने तिला सुमारे दोन तास अधिक लागतात. यांपैकी कोणती गाडी घ्यावी, आणि दोघांना खालचे बर्थ मिळावेत यासाठी तिकीट कसे काढावे?

कल्याण पश्चिम:
माझे मत निःसंशय कल्याणच्या बाजूने आहे. बोरिवलीला जायचे तर संध्याकाळच्या गाडीसाठी घोडबंदर रस्त्याने निघावे लागते आणि तिथे किती वेळ अडकू हे कोणीही सांगू शकत नाही. ठाणे-बोरिवली बोगदा पूर्ण होईपर्यंत मी तरी वृद्धांना घेऊन ही जोखीम पत्करणार नाही. गाडीत वाचणारे दोन तास आपण रस्त्यावरच्या धास्तीत घालवणार असू, तर त्या वेगाचा उपयोग काय? सीएसएमटीची राजधानी दुपारी चारच्या सुमारास निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीनला पोहोचते. तिला पुढे व मागे अशी दोन्हीकडे इंजिने असल्यामुळे, एकास सदतीस (३७ मीटरला एक मीटर) चढाचा थळ घाट चढण्यासाठी कसाऱ्याला बँकर (मागून ढकलणारे जादा इंजिन) जोडत थांबावे लागत नाही. मात्र कल्याणचा थांबा काही मिनिटांचाच असतो. हमाल आधी ठरवा, व्हीलचेअरची विचारणा स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात करा आणि आपला डबा कुठे येणार हे पाहून तिथेच आईंना बसवून ठेवा.

नेरूळनिवासी:
गाडीबद्दल मी वरील मताशी सहमत आहे. तिकिटाबाबत मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण माझ्या स्वतःच्या वडिलांच्या वेळी मी नेमकी तीच चूक केली होती. ज्येष्ठ नागरिकांच्या खालच्या बर्थच्या कोट्यासाठी पुरुषाचे वय किमान ६० आणि स्त्रीचे किमान ४५ असावे लागते, आणि तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. आपण तिसरे म्हणून त्याच तिकिटावर आलात, तर कोट्याचा विचारच होत नाही. म्हणून आईवडिलांचे तिकीट वेगळे काढा आणि आपले वेगळे. आपला डबा कदाचित निराळा येईल, पण रात्री आई वर चढू शकत नाही या अडचणीपेक्षा ती गैरसोय परवडते. शक्य असल्यास टू-टियर घ्या, कारण त्यात मधला बर्थ नसल्यामुळे आईंना दिवसा ताठ बसता येते आणि हवे तेव्हा आडवेही होता येते.

आरक्षण आता ६० दिवस आधीच सुरू होते (पूर्वी १२० दिवस होते), त्यामुळे त्या दिवशी सकाळी आठलाच बसा. राजधानीत दर दहा टक्के बर्थ भरले की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढत जाते (त्याला कमाल मर्यादा आहे), म्हणजे उशीर झाला तर पैसेही जास्त जातात. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती हिशेबात धरू नका.

नौपाडाकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन जणांचे एकच तिकीट काढण्याचा माझा बेत होता, तो आता बदलतो. परतीच्या प्रवासाला धुक्याचा त्रास होईल का?

कल्याण पश्चिम:
डिसेंबरच्या उत्तरार्धापासून दिल्ली-मथुरा-आग्रा पट्ट्यात धुके दाट होते आणि दोन्ही राजधान्यांना उशीर होऊ शकतो. परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ किंवा घरचे कार्य ठेवू नका, आणि आईंची औषधे दोन दिवस पुरतील इतकी हातातल्या पिशवीत ठेवा.