पोलिसांची चरबी मोजल्याने नेमबाजी सुधारेल का?

शिस्तप्रिय
पोलिसांची वार्षिक फायरिंग चाचणी एका फायलीत, वैद्यकीय तपासणी दुसऱ्या फायलीत, आणि दोन्ही कधी एकत्र वाचल्या जात नाहीत. माझं मत : शरीरातलं चरबीचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं, तर ते कमी होईपर्यंत त्या कर्मचाऱ्याला शस्त्र देऊ नये. अंगावर चरबी जास्त असली की दम लवकर लागतो. धापा टाकताना छाती-खांदे हलतात आणि त्यांच्याबरोबर पिस्तूलही. नळी एका अंशाने कलली तरी १० मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जाते. तिथे कुणीही उभं असू शकतं.

पक्की_पकड
साफ असहमत. नव्या भरतीच्या मुलामुलींना फायरिंग शिकवते, म्हणून लिहिते. भरलेलं सर्व्हिस पिस्तूल साधारण किलोभराचं असतं, पण बऱ्याच पिस्तुलांचा ट्रिगर ओढायला अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. शस्त्राच्या वजनाच्या दुपटीहून जास्त! पकड कच्ची असेल तर हा जोर ट्रिगर मागे आणता आणता नळीही हलवतो. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या निशाणावर खाली डावीकडे जमायला लागल्या, की मी त्याच्या कमरेकडे पाहत नाही, बोटांकडे पाहते. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, पुढच्या टोकाला नाणं ठेवते आणि ट्रिगर ओढायला लावते. नाणं पडलं की दोष कुठे आहे ते त्यालाच कळतं. अंगाने भारी असलेल्या कितीतरी जणांचं नाणं जागचं हलत नाही.

जुना_नेमबाज
पक्की_पकड ताईंशी सहमत. ऑस्कर स्वान या स्वीडिश नेमबाजाने १९१२ मध्ये ६४ व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि १९२० मध्ये ७२ व्या वर्षी रौप्य. पॅरिसला २०२४ मध्ये युसुफ डिकेच यांनी ५१ व्या वर्षी मिश्र सांघिक पिस्तूल प्रकारात रौप्य मिळवलं. नेमबाजीला पिळदार शरीर लागत नाही.

शिस्तप्रिय
जुना_नेमबाज, तुमची उदाहरणं खेळाची आहेत. तिथे समोरून कुणी गोळी झाडत नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा अहवाल २००८ मध्ये आला. समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांच्या जेमतेम १८ टक्के गोळ्या लागल्या होत्या. हे सगळे रेंजवरची चाचणी पास झालेलेच पोलीस. जिना चढून, अंगावर जॅकेट आणि कमरेला पट्टा वागवत पोचल्यावर शरीराची खरी परीक्षा होते.

आकडेमोड
शिस्तप्रिय, १८ टक्क्यांमागे भीती, अंधार, हलतं लक्ष्य, काही क्षणांत घ्यायचा निर्णय, असं बरंच काही आहे. त्यातला चरबीचा वाटा किती, हे त्या आकड्यातून निघत नाही.
दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळ्या पोलिसांचे आकडे एकत्र टाकले तर चरबी जास्त तिथे गुण कमी, असं सहज दिसू शकेल. पण बायकांच्या शरीरात चरबीचं प्रमाण निसर्गतःच जास्त असतं आणि हाताच्या पकडीचा जोर सरासरीने कमी. मग गुण कमी झाले ते चरबीमुळे की पकडीमुळे? वयाचंही तेच. स्त्री-पुरुष, वय आणि पकड वेगळी न काढता चरबीला दोष दिला, तर नियमाचा फटका नेमका ज्यांना पकडीचा व्यायाम द्यायला हवा त्यांनाच बसेल. बीएमआयबद्दल, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या आकड्याबद्दल, तर बोलायलाच नको. त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरकच कळत नाही.

रात्रपाळी
शस्त्र काढून घेण्याची भीती घातली की काय होतं ते सांगतो. तपासणीच्या आठवडाभर आधी लोक जेवण तोडतात, पाणी कमी पितात. वजन उतरतं, पण त्यात पाणी आणि स्नायूही जातात. अशा माणसाच्या हातात पिस्तूल जास्त थरथरेल. पाळ्या सतत बदलतात, झोप मोडते, अवेळी खाणं होतं, त्यातून पोट सुटतं. त्याची शिक्षा एकट्या शिपायाला का?

पक्की_पकड
शिस्तप्रिय, तुमचा दम लागण्याचा मुद्दा मला पटतो. मग दमच तपासू या. जॅकेट-पट्ट्यासकट धावायला लावा, नाडी वाढलेली असतानाच गोळ्या झाडायला लावा, आणि त्याच दिवशी डायनॅमोमीटरवर पकड मोजा. नापास झाला तर शस्त्र जमा, मग तो बारीक असो की जाड.

शिस्तप्रिय
अशी चाचणी हवीच. पण ती वर्षातून एकदा होणार, आणि तोवर शरीर ढासळलेलं असेल. चरबी वाढताना आधी दिसते, म्हणून ती मर्यादा मी सोडणार नाही.

आकडेमोड
आधी दिसते ना? मग तिच्यावरून त्याला डॉक्टरकडे पाठवा, ड्यूटीच्या वेळेतून व्यायामाचा तास द्या, सरावाला जास्त काडतुसं द्या. शस्त्र द्यायचं की नाही, हे त्याच्या गोळ्या कुठे लागतात त्यावरून ठरवा.