अनुभव धागा: आपल्या शाळेचा नेपाळ प्रकल्प

नमस्कार मंडळी. परळच्या आपल्या शाळेचा नेपाळ प्रकल्प, म्हणजे तिकडच्या एका पडलेल्या शाळेला मदत आणि तिथल्या मुलांशी पत्रापत्री, २०१५च्या भूकंपानंतर सुरू झाला, तो अजून चालू आहे. मधल्या काळात मुख्याध्यापक बदलले, तुकड्या घटल्या, करोना येऊन गेला. आता स्मरणिकेत या प्रकल्पाला दोन पानं द्यायचं ठरलंय आणि तिथे 'विश्वबंधुत्वाचा वसा' छापाचं काहीतरी छापून येईल अशी मला दाट शंका आहे. म्हणून हा धागा. खोकी बांधली असतील, पत्रं लिहिली असतील, रद्दी ओढली असेल, तिकडे जाऊन आला असाल किंवा लांबूनच नाकं मुरडली असतील, सगळ्यांनी लिहा. नावं नकोत, कोण ते थोडक्यात सांगा. शाळेचं कौतुक आटोपशीर ठेवा, ते स्मरणिकेत भरपूर येणारच आहे.

निवृत्त शिक्षिका (समाजशास्त्र)

सुरुवात माझ्याकडून घ्या, कारण तिच्याबद्दल भलत्याच दंतकथा ऐकू येतात. ठराव-बिराव काही झाला नव्हता. २५ एप्रिल, शनिवार. १ मेचा निकाल म्हणजे एप्रिलअखेर आम्ही सगळ्या शाळेतच, निकालपत्रकांत मान घालून. दुपारी गेटवर कोणी नाही म्हणून शिपाई बघायला गेले, तर वॉचमनकाका मागच्या नळापाशी उभे राहून फोन लावताहेत. लागत नव्हता. त्यांचं गाव गोरखा जिल्ह्यातलं आणि भूकंपाचं केंद्रही त्याच जिल्ह्यात, बारपाकजवळ. तीव्रता ७.८.

घरची माणसं सुखरूप असल्याचं कळल्यावर काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती शाळेची. शाळा पडली, पण आत कोणी नव्हतं. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची. धक्का बसला तेव्हा तिकडच्या घड्याळात ११:५६ झाले होते. हेच रविवारी झालं असतं तर सगळी पोरं वर्गात असती. त्या भूकंपात जवळपास ९,००० माणसं गेली, आणि हजारो शाळांची पडझड झाली. शनिवार नसता तर काय झालं असतं याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि नववीच्या मुलांनीच विचारलं, "बाई, काकांच्या शाळेचं पुढे काय झालं?" तिकडे ३१ मेपासून बांबू-पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत शाळा भरायला लागल्या होत्या. मुलं म्हणाली, मग आपण काहीतरी पाठवू. एवढीच सुरुवात.

माजी विद्यार्थिनी, तेव्हाच्या नववीतली

बाई, ते 'काहीतरी' काय होतं तेही सांगायला हवं! सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर आवाहन लागलं आणि आठवड्याभरात चित्रकलेचा वर्ग कपड्यांनी छतापर्यंत भरला. शेरवानी. पोहण्याच्या टोप्या. एकाच पायाचे बूट. एक अख्खी नऊवारी, जरीची. आम्ही पोरी नाकाला रुमाल बांधून निवडत बसलो होतो. काका आत आले, एक स्वेटर उचलला, बाही ओढून पाहिली, नीट घडी घालून परत ठेवला आणि म्हणाले, "दीदी, कपडा रहने दो. कॉपी चाहिए, कॉपी."

मग वह्या. शंभर पानी, दोनशे पानी, एकरेघी. खोक्यांना वरून गोणपाट, दाभण आणि सुतळीने शिवलेलं. दाभण कसं धरायचं ते शाळेच्या शिपाईमामांनी शिकवलं, मला आजही येतं. कुर्ल्याच्या टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेसने खोकी गोरखपूरला गेली, पुढे सोनौलीची सीमा काकांचे मेहुणे पार करणार होते. आणि तिथेच गाडं अडलं. २० सप्टेंबर २०१५ला नेपाळची नवी घटना लागू झाली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, आंदोलन पेटलं, सीमेवर नाकेबंदी झाली. पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधांचे हाल. हे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. आम्ही कोणाला अडवलेलं नाही, असं भारत सरकार म्हणत होतं, नेपाळात ते कोणाला पटत नव्हतं. आमच्या वह्या तोवर गोरखपूरला कोणाच्या तरी दुकानाच्या माळ्यावर.

त्याच दरम्यान त्यांचं पहिलं पत्र आलं. आम्ही लिहिलं होतं, तुम्ही कसे आहात, आमचं शहर समुद्राकाठी आहे, आम्हाला पावभाजी आवडते वगैरे. उत्तरात एका मुलीने सरळ विचारलं होतं: तुम्ही आमचा गॅस का बंद केला? हे पत्र वर्गाबाहेरच्या फळ्यावर लावायचं की नाही यावर शिक्षकांच्या खोलीत चांगलीच जुंपली होती, आवाज जिन्यापर्यंत येत होते. शेवटी लावलं. तेव्हापासून आमच्या पत्रांतून पावभाजी गेली आणि आम्ही कामाचं लिहायला लागलो.

पालक, सीए

पैशांचा भाग मी बघत होते, म्हणून रुक्ष लिहिते. लोकांना वाटतं मदत गोळा झाली की पाठवून द्यायची. शाळा चालवतो धर्मादाय ट्रस्ट, आणि तेव्हाच्या (१९६१च्या) आयकर कायद्याच्या कलम ११ची सूट मिळायची ती भारतातल्या धर्मादाय कामावर खर्च केल्याबद्दल. देशाबाहेर खर्च करायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागायची. त्यामुळे ट्रस्टच्या खात्यातून एक पैसाही बाहेर जाणार नाही हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि तासभर सगळ्यांची नावडती झाले. मार्ग असा निघाला की पालकांनी आपापल्या खात्यातून पाठवायचं. नेपाळला बँकेतून पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची खास सोय २००८पासून आहे, तेव्हा एका वेळी ५०,००० रुपयांची मर्यादा होती, २०२१मध्ये दोन लाख झाली. प्रत्येकाची पावती माझ्याकडे फाइलला आहे. शाळेत गोळा केलेली रद्दी विकून आलेले पैसे मात्र इथेच संपायचे, वह्यांत आणि टपालात. स्मरणिकेत हे कोणी छापणार नाही याची खात्री आहे.

पालक, बांधकाम अभियंता, मूळ गाव औसा

मी या भानगडीत पडलो तो फोटोंमुळे. माझ्या मुलाने तिकडून आलेले पडक्या शाळेचे फोटो दाखवले आणि मी म्हटलं, हे तर किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, लोक मिरवणुकीहून येऊन नुकते आडवे झालेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला सगळं खाली. तीव्रता ६.२च्या आसपास, म्हणजे नेपाळच्या मानाने फारच कमी, तरी दहा हजारांच्या घरात माणसं गेली. मारलं ते घरांनी. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, मधे चुना-सिमेंट काही नाही, नुसता चिखल, आणि डोक्यावर मातीचं धाबं. अशी भिंत दिसते भक्कम, पण ती एक भिंत नसतेच. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे दगडांचा चुरा भरलेला. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, पोट फुगतं आणि बाहेर कोसळतं. नेपाळच्या डोंगरातल्या फोटोंत मला अगदी तेच दिसलं, फक्त धाब्याऐवजी पत्रा आणि दगडी पाट्यांचं छप्पर.

उपाय महागडा नाही. दर थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवायचा, दोन्ही थरांना धरून ठेवणारा. आणि जोत्यावर, खिडकीच्या वर, छपराखाली असे आडवे पट्टे सबंध खोलीभोवती फिरवायचे, काँक्रीटचे नाहीतर लाकडाचे. किल्लारीनंतर आमच्याकडे हे गवंड्यांना शिकवलं गेलं, नेपाळातही भूकंपानंतर सरकारने तशाच नमुन्यांवर जोर दिला. मुलांना मी थर्माकोलची वीट देऊन समजावलं नाही, शाळेच्याच मागच्या पडक्या कुंपणापाशी नेलं आणि दगड काढून दाखवले. कुंपण पडलं तर पडलं. नववीच्या मुलांनी त्यावर मराठी-हिंदीत तक्ता केला, काकांच्या भावाने तो नेपाळीत लिहून गावच्या शाळेत लावला. गवंड्यांनी तो वाचला की नाही हे मी छातीठोक सांगणार नाही. तिकडच्या नव्या वर्गांचे फोटो आले त्यात पट्टे दिसले, ते आमच्यामुळे नाही, अनुदानाच्या अटीमुळे. पण पोरांना आता कुठल्याही भिंतीकडे बघून विचारायची सवय लागली आहे, हिच्यात आरपार दगड आहे का?

माजी विद्यार्थी, तिकडे गेलेल्यांपैकी

मी उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या गटात होतो. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा नाही, आणि पंधरा ते अठरा वयाच्यांकडे पासपोर्ट नसेल तर मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. त्यामुळे सरांनी प्रत्येकाच्या फोटोवर अर्धा शिक्का मारून कागद दिले होते. आईने माझा लॅमिनेट करून आणला. सोनौलीला कोणी ढुंकून पाहिलं नाही.

पुढे नारायणगढ, मुग्लिन, आबूखैरेनीहून वर गोरखा, आणि तिथून जीप. शेवटच्या टप्प्यात मी पुरता उलटलो. शाळेत पोहोचलो तर सगळी मुलं दोन्ही बाजूंना उन्हात उभी, हातात झेंडूच्या माळा. किती वेळ उभी होती देव जाणे. एक पहिली-दुसरीतलं पोर माळ घालायला उड्या मारत होतं, माझी मान पोहोचेना. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी खालीच बसलो. रात्री बाईंना म्हटलं, पुढच्या वेळी हे नको. बाई म्हणाल्या, त्यांच्या हेडसरांना तूच सांग. सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "पाहुणा आला तर तुमच्याकडे काय करतात?" पुढच्या गटालाही माळा घातल्याच.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि तात्पुरत्या वर्गाचा पत्रा असा काही वाजायला लागला की सरांनी खडू ठेवून दिला. पत्र्याला ते जस्तापाता म्हणतात. पाऊस थांबेपर्यंत शिकवणं बंद, हा तिकडचा नियमच. मुलांनी त्या वेळात पाटीवर फुल्ली-गोळा काढला. आणि हो, विटीदांडू! त्यांचा डंडी-बियो. आमच्यातल्या एकालाही धड खेळता येईना, परळच्या पोरांनी विटी कधी पाहिलेलीच नव्हती. सहावीतल्या पोरींनी आम्हाला धुतलं.

लांबून बघणारा, माजी विद्यार्थी

नाकं मुरडणाऱ्यांनीही लिहा म्हणालात, म्हणून. मोखाडा, जव्हार इथून चार-पाच तासांवर. तिथल्या आश्रमशाळांत काय कमी हाल आहेत? वीस मुलांच्या येण्याजाण्याच्या खर्चात तिथे एक संडास बांधून झाला असता. आणि गेली कोण? ज्यांच्या आईबापांना तिकीट परवडलं ती. आमच्या चाळीतून एकही पोरगा गेला नाही. परदेश म्हटलं की फोटो बरा येतो, बाकी काही नाही.

निवृत्त शिक्षिका (समाजशास्त्र)

तिकिटाचं म्हणणं मान्य, शंभर टक्के. त्यावरूनच पुढे सहली बंद झाल्या. मोखाड्याचं मान्य नाही. नेपाळ बंद केलं असतं तर मोखाडा सुरू झालं असतं असं धरून चालू नका, शाळेत तसं काही घडत नसतं. तुम्ही सुरू करा, मी गुडघे धरत येते.

माजी विद्यार्थिनी, आता नर्स

माझे बाबाही वॉचमन, पण लालबागच्या एका इमारतीचे. मी त्या वेळी सातवीत. शाळेत नेपाळी मुलगी मी एकटीच, त्यामुळे भूकंपाच्या बातम्या आल्या त्या दिवसापासून सगळे माझी विचारपूस करायला लागले. डब्यातली पोळी काय, पेन्सिली काय. आमचं गाव अछाम, पार पश्चिमेकडे. तिथे काही झालंच नव्हतं. मी सांगून थकले, मग सांगणं सोडून दिलं आणि पेन्सिली घेतल्या.

पत्रं आली की वाचायला मलाच बोलवायचे. लिपी तर सगळ्यांनाच वाचता यायची, अर्थ माझ्याकडून हवा असायचा. आता घरी आम्ही बोलतो अछामी, आणि गोरखाकडचं पुस्तकी नेपाळी मला अर्धंमुर्धं कळायचं. उरलेलं अंदाजाने. दोन-तीन पत्रं तर मी बाबांना ड्यूटीवर जाऊन दाखवली, बाबा चष्मा नाही म्हणाले, नंतर कळलं त्यांना वाचताच येत नाही. शाळेत मी पहिल्यांदा फळ्यासमोर उभी राहून सलग दहा मिनिटं बोलले ती या पत्रांमुळे, हे खरं. पण नेपाळच्या मुलांना मदत करू या असं व्यासपीठावरून म्हणायचे तेव्हा माझ्या बाजूला बसलेली मैत्रीण माझ्याकडे बघायची, तेही खरं. माझी फी तेव्हा थकलेली होती. हेही छापा.

आत्ताची विद्यार्थिनी, नववी

आम्ही आता व्हिडिओ कॉल करतो. रविवारी, कारण रविवारी त्यांची शाळा असते. आपले नऊ वाजतात तेव्हा त्यांचे सव्वानऊ, त्यामुळे आम्ही नेहमी उशिरा. करोनात हे बंदच पडलं होतं, त्यांच्याकडे नेट नव्हतं आणि आमच्या घरी एक फोन आणि तीन भावंडं. आता पुन्हा सुरू झालंय.

मागच्या कॉलला त्यांच्या नववीत आठच मुलं होती. बाकीची कुठे विचारलं तर म्हणाले, बोर्डिङला. आम्हाला वाटलं वसतिगृह. तसं नाही, इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेला ते बोर्डिङ म्हणतात, मुलं घरूनच जातात. बरीच घरं तर गाव सोडून खाली शहरात नाहीतर आखातात गेलीत. मग त्यांनी विचारलं, तुमच्या वर्गात किती? आमची मराठी माध्यमाची आता एकच तुकडी आहे. मी कॅमेरा फिरवून दाखवला. त्यांच्या सरांनी आमच्या बाईंना विचारलं, तुमची शाळा कधीपर्यंत आहे? बाई म्हणाल्या, आहे की. मग नेट गेलं.

कार्यालयातून

धागा वाचतोय. यंदाची यादी तिकडच्या हेडसरांनी पाठवली आहे: व्हॉलीबॉलचं नेट एक, चेंडू दोन, विज्ञानाच्या प्रयोगासाठी भिंगं आणि चुंबक, दहावीच्या मुलांसाठी भूमितीच्या पेट्या. वह्या नकोत, पुरेशा आहेत. कपडे तर नकोतच. रद्दी या रविवारी सकाळी दहापर्यंत मागच्या गेटला आणावी, इंग्रजी वर्तमानपत्रं आणि पुठ्ठा वेगळा बांधून, त्याला भाव वेगळा मिळतो. टेम्पो अकराला निघेल, थांबणार नाही. आणि ज्यांच्याकडे त्या वेळचे फोटो आहेत त्यांनी ते व्हॉट्सॲपवर न पाठवता पेन ड्राइव्हमध्ये आणून द्यावेत, छपाईत फुटतात.