मुलीला हिब्रू प्रार्थना आणि आपली मराठी गाणी दोन्ही शिकवायचीत, ठाणे-मुंबईत काय चालू आहे?

टेंभीनाक्याची_सून:
शालोम मंडळी. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मुलगी दहा वर्षांची आहे, बात मिट्झवाला (मुलगी धर्माच्या दृष्टीनं मोठी झाली तो समारंभ) अजून वेळ आहे पण घरात आत्तापासूनच तोच विषय चालू झालाय. सध्या ती एका ऑनलाइन हिब्रू क्लासला बसते. शिकवणाऱ्या बाई छान आहेत, तक्रार काही नाही, पण तिथे रंग, भाज्या, बसस्टॉप कुठे आहे, माझं नाव अमुक असलंच सगळं. "मला टोमॅटो पाहिजे" फाडफाड बोलते आणि शुक्रवारी संध्याकाळी मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) सिद्दूर, म्हणजे प्रार्थनापुस्तक, हातात दिलं की ढिम्म. कारण क्लासमध्ये पीडीएफला टिंबंच (स्वरांच्या खुणा) नसतात आणि सिद्दूरमध्ये अक्षराच्या खाली-वर सगळीकडे टिंबं, तिला ती वेगळीच भाषा वाटते.

दुसरं म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना एलियाहू हनाबीची (एलिया प्रेषिताची) गाणी, योसेफाच्या आख्यानातली पदं, मेंदीची गाणी सगळं तोंडपाठ आहे, वही नाही काही नाही. मध्येच थांबवून "आई पुढची ओळ काय" विचारलं की अडतात, मग परत पहिल्यापासून म्हणायला लागतात आणि आपण लिहून घेईपर्यंत गाडी निघून गेलेली असते. हे कुठे शिकवतात का कुणी? हिब्रूचे क्लास सापडतात, इस्राएली डान्सचे सापडतात, पण आपलं मराठीतलं कुठेच दिसत नाही. सुट्टीतलं शिबिर वगैरे असेल तरी सांगा. आणि बिल्डिंगमधली तिची मैत्रीण, हिंदू आहे, तिलाही हनुक्काला (आपल्या दिव्यांच्या सणाला) यायचंय म्हणते, तर चालेल ना?

शनिवार_तेली:
शालोम ताई. आधी एक ठरवून टाका, मुलीला हिब्रू बोलायचंय का वाचायचंय. हे दोन वेगळे धंदे आहेत आणि बहुतेक क्लास बोलण्याचे असतात कारण शिकणारे निम्मे लोक इस्राएलला जायच्या तयारीत असतात, त्यांना भाजीवाल्याशी भांडता आलं पाहिजे. प्रार्थनेसाठी वाचन लागतं. बावीस अक्षरं आणि त्यांची टिंबं, दहा वर्षांच्या पोरीला हे अवघड नाही हो, रोज पंधरा मिनिटं बसली तर सणापर्यंत वाचायला लागेल, फक्त रोज बसायला पाहिजे.

आणि कृपा करून देवनागरीत छापलेली प्रार्थनापुस्तकं तिच्या हातात देऊ नका. म्हाताऱ्यांसाठी ठीक आहे, आमची अख्खी पिढी त्यावरच निभावली, पण मुलाला एकदा ती सवय लागली की मूळ अक्षरांकडे ढुंकून बघत नाही. माझा पुतण्या तसाच अडकलाय, तेराव्या वर्षी सेफेर तोरासमोर (हातानं लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीसमोर) उभं राहायची वेळ आली तेव्हा घाम फुटला, कारण तिथे टिंबंही नसतात आणि सूरही लिहिलेले नसतात, सगळं आधी पाठ करून जावं लागतं.

ठाण्यात असाल तर टेंभी नाक्यावरचं शार हाशामाईम सिनेगॉग आहेच, १८७९ चं. हझनना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) सरळ विचारा, शब्बाथची (शनिवारची) सकाळची तेफिला, म्हणजे प्रार्थना, झाली की मुलं थांबवून घेता येतील का. चार-पाच घरं मिळून विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. एकट्यानं विचारलं तर "बघू" होतं. मुंबईत जॉइंट या ज्यू मदतसंस्थेचं जेसीसी, म्हणजे समाजकेंद्र, आहे, तिथे सणांचे कार्यक्रम, हिब्रू, ज्येष्ठांचं, तरुणांची शिबिरं असं चालू असतं, फोन करून विचारा, वेळा बदलत असतात. दर वेळी एवढ्या लांब जाणं ठाण्याहून नकोसं होतं हे मान्य.

पेठेतला_पुणेकर:
पुण्यात असता तर सोपं होतं, रास्ता पेठेत सुक्काथ शेलोमो आणि कॅम्पात लाल देऊळ, दोन्ही सिनेगॉग रिक्षाच्या अंतरावर. माणसं मात्र कमी, मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवायला फोनाफोनी करावी लागते. क्लास काढला तर विद्यार्थी दोन आणि सल्ले देणारे वीस होतील.

अलिबागची_आत्या:
मला दोघांचंही पटत नाही. मुलांना बाकावर बसवून शिकवायच्या आधी मलिदा करा की घरी! आम्ही सगळ्या भावंडांनी ब्राखोत (आशीर्वादाच्या छोट्या प्रार्थना, एक असेल तर ब्राखा) कुठल्या क्लासात शिकल्या? मलिद्याच्या ताटासमोर बसून.

सांगते कसं. पोहे धुवून भिजवायचे, मोकळे राहिले पाहिजेत, लगदा नको. त्यात ओलं खोबरं, साखर (आमच्याकडे गूळ घालायचे), वेलची, जायफळ, सुका मेवा. ताटात डोंगर करायचा आणि भोवती फळं, खजूर, केळी, सफरचंद, जे मिळेल ते पण पाच प्रकार, आणि सुगंधाला गुलाब नाहीतर सब्जा. मग एलियाहू हनाबीचं गाणं, आणि मग एकेक वस्तू उचलून तिची ब्राखा. इथे मुलांची मजा असते. खजूर उचलला तर झाडाच्या फळाची ब्राखा, "हाएत्झ". आणि केळं उचललं की मोठी माणसं मुद्दाम गप्प बसतात आणि बघतात पोरं काय म्हणतात. पोरं हमखास "हाएत्झ" म्हणतात आणि मग सगळे ओरडतात, अरे केळीला खोड कुठंय, ती जमिनीतून उगवते, "हाआदामा" म्हण! सुगंधाची ब्राखा तिसरीच. एका ताटात तीन ब्राखोत झाल्या आणि कुणाला अभ्यास केल्यासारखं वाटत नाही.

मलिदा काय, कशालाही करता येतो. नवस फेडायला, नव्या घराला, लग्नाआधी, कुणी इस्राएलला निघालं तर, परीक्षा पास झाली तर. आणि तू बिश्वातला, झाडांच्या सणाला, मुलीला घेऊन खंडाळ्याला या, घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं. तिथल्या खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा आहेत असं आपण मानतो, त्या दिवशी उरूस असतो, बसेस भरून लोक येतात. तिथे तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या सात-आठ बायका एका ठिकाणी सापडतील. एक अडली की दुसरी पुढची ओळ उचलते. तुमचा प्रॉब्लेम तिथेच सुटेल. येताना नवगावला पण जाऊन या, जिथे आपली माणसं गलबत फुटून किनाऱ्याला लागली म्हणतात तिथलं स्मारक मुलांनी बघायला हवं.

कीर्तनवेडा:
आत्याबाईंच्या मलिद्याला हात जोडून पुढचं लिहितो. कीर्तनाचं कुणी विचारलंय बघून बरं वाटलं. लोकांना वाटतं कीर्तन म्हणजे फक्त विठोबाचं. आपल्या लोकांनी १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं, त्या काळी हरिकथा ऐकायला आपलीच माणसं गर्दी करायची, तेव्हा कुणीतरी म्हटलं की हाच बाज घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांच्या कथा का सांगू नये. मग साकी, दिंडी, ओवी, पदं, पेटी, तबला, झांज सगळं तसंच, कथा तनाखमधली (हिब्रू बायबलमधली). आख्यानं छापूनही निघाली. अर्ध्या लोकांना हिब्रू कळत नव्हतं, पण योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं ते कीर्तनात ऐकून बायका पदरानं डोळे पुसायच्या, हे माझ्या आजीनं सांगितलंय.

आता क्लास असा नाही, खरंच नाही. नंतर काही बायकांनी मनावर घेऊन कीर्तनाचे गट उभे केले, कार्यक्रम केले, त्यातल्या कुणाची ओळख निघाली तर सोडू नका. तोपर्यंत घरचं काम घरीच करा. सासूबाईंना मध्ये थांबवू नका, ही पहिली अट. मोबाइल उशीजवळ ठेवा, रेकॉर्डिंग चालू करून विसरून जा, पदं पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या स्वतःच एखादं वेगळं कडवं म्हणतील, ते सोडू नका, दोन्ही रूपं जपून ठेवा. लिहून काढायचं काम मुलीला द्या. आणि चाल कुठल्या पदाची आहे ते विचारून ठेवा, कारण पुष्कळ पदांच्या चाली जुन्या नाटकांतल्या नाहीतर भजनातल्या आहेत, चाल कळली की पेटीवाला कुठलाही सापडतो.

एक खटकतं ते बोलतो. आपले कार्यक्रम बघा, इस्राएलचा स्वातंत्र्यदिन दणक्यात, स्टेजवर तिकडचे डान्स, पोरांना टी-शर्ट, आणि शेवटी मराठी गाणं एक, तेही जेवणाची रांग लागल्यावर. डान्सला माझा विरोध नाही, मुलांना तेच आवडतं. पण मराठी आयटम आधी ठेवायला काय जातंय.

शनिवार_तेली:
कीर्तनवेडे, राग समजला, पण कमिटीवर मी बसलोय म्हणून सांगतो, मराठी आयटमला नावं द्या म्हटलं की कुणी देत नाही हो. दर वर्षी त्याच दोन मावशी. नावं आणा, पहिला नंबर देतो.

लोदवाली:
इस्राएलहून लिहितेय, लोदला असते. तुमचं वाचून हसू येतंय आणि वाईटही वाटतंय कारण इथे बरोब्बर उलटी बोंब आहे. माझ्या मुलांना हिब्रू शिकवावी लागत नाही, ती मलाच सुधारतात. मराठी मात्र "आई भूक लागली" आणि शिव्या, एवढ्यावर आहे. इथे अश्दोद, दिमोना, रामला सगळीकडे आपली माणसं आहेत, लग्नाआधी मेंदी धूमधडाक्यात होते, हिरवा चुडा, शालू, डोक्याला फुलं, आणि गाणी लावायची वेळ आली की स्पीकरवर हिंदी सिनेमा. म्हाताऱ्या कोपऱ्यात बसून आपली मराठी मेंदीची गाणी हळूच म्हणत असतात, कुणी माइक देत नाही त्यांना. "मायबोली" नावाचं मराठी त्रैमासिक निघायचं आमच्याकडे, माझे वडील पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचायचे. पुढची पिढी देवनागरी वाचत नाही, तर कोण घेणार.

म्हणून माझी एक ऑफर आहे. तुमच्या मुलीला माझी मुलगी सिद्दूर वाचायला शिकवेल, बारा वर्षांची आहे, वाचन चोख. बदल्यात तुमच्या मुलीनं तिला आजीचं एक गाणं शिकवायचं. रविवारी व्हिडिओ कॉल करू, इथे रविवारी शाळा असते तेव्हा दुपारनंतरच जमेल, तुमच्याकडे संध्याकाळ. पैसेबियसे काही नाही. उच्चाराचं म्हणाल तर इथला थोडा वेगळा आहे, तुमच्या मशिदीतल्या सुरात जुळवून घ्यायला हझनांची मदत लागेलच.

पेटीवाला:
मी ज्यू नाही, ठाण्याचाच, भजनी मंडळात पेटी वाजवतो. कीर्तनाचं वाचून राहवलं नाही. साकी-दिंडीत मोशेची कथा हे मला माहीतच नव्हतं. ऐकायला यायला परवानगी असते का, आणि आलो तर काय पाळायचं?

शनिवार_तेली:
या की, आनंदच आहे. ताईंच्या मुलीच्या मैत्रिणीलाही तेच उत्तर. हनुक्का, सिमहा तोरा (तोरा वाचून पूर्ण झाल्याचा सण), सुक्का (सणाचा मांडव) बघायला पाहुणे येतात, काही अडचण नाही. फक्त आधी कळवून या आणि ओळखपत्र आणा, २००८ च्या हल्ल्यानंतर गेटवर पोलीस असतात आणि अनोळखी माणसाला थांबवतात, ते त्यांचं काम करतात, रागावू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर तिथे मिळते. शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार रात्र फोन खिशात, फोटो नाही, पेटी तर अजिबात नाही, शब्बाथला आम्ही वाद्य वाजवत नाही. कीर्तन ठेवलं तर आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी ठेवू. बाहेरून मटणबिटण काही आणू नका, फळं आणली तर चालतील.

मुलांसाठी अजून एक, हनुक्काला गेटवे ऑफ इंडियाला मोठी मेनोरा (सणाची दीपमाळ) लावतात ती दाखवा. फोर्टातलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग पण बघून या, १८८४ चं, २०१९ मध्ये दुरुस्ती झालीय, काचा बघण्यासारख्या आहेत. आणि सॅम्युएल स्ट्रीटवरचं शार हारहमीम, १७९६ चं, मुंबईतलं आपलं सगळ्यात जुनं.

अलिबागची_आत्या:
पेटीवाले भाऊ, तुम्ही खंडाळ्यालाच या पेटी घेऊन. उरूस शब्बाथला आला नाही म्हणजे झालं.

टेंभीनाक्याची_सून:
सगळ्यांचे खूप आभार. लोदवाली ताई, ऑफर पक्की, मेसेज केलाय, मुलगी आत्ताच विचारतेय की शिकवणारी ताई ओरडते का. हझनांना मी आणि अजून तीन घरं मिळून विचारणार आहोत, त्या तीन घरांत एकूण पाच मुलं आहेत, एक फारच लहान आहे पण त्याची आई म्हणते बसू दे.

कीर्तनवेडे, काल रात्रीच रेकॉर्डिंग लावून बसले. सासूबाईंनी योसेफाचं पद पूर्ण म्हटलं, न अडता. मग म्हणाल्या हे आमच्या पेणच्या घरचं, तुझ्या आजेसासूचं वेगळं होतं, आणि ते वेगळं पण म्हटलं. दोन्हीला चाल एकच आहे पण कुठल्या नाटकातली ते त्यांना आठवत नाही. पेटीवाले दादा, क्लिप पाठवली तर ओळखता येईल का? आणि तेली काका, मराठी आयटमला दोन नावं लिहून घ्या, एक सासूबाईंचं, एक मुलीचं. तिला अजून सांगितलेलं नाही.

पेटीवाला:
पाठवा. सुरुवातीची दोन कडवी पुरे.