अनुभव धागा: तुमच्या कानाला कुठला हेडफोन पटला?

हेडफोन घ्यायचा म्हटलं की चर्चा किंमत, बॅटरी आणि नाव यांच्याभोवतीच फिरते. आवाज कसा आहे हे क्वचितच कोणी सांगतं, आणि सांगितलं तरी 'बेस भारी आहे' यापुढे गाडी जात नाही. म्हणून हा धागा. सोलापुरातल्या आणि इथून बाहेर गेलेल्या मंडळींनी लिहावं: कुठले हेडफोन शेजारी ठेवून ऐकले, काय लावून ऐकले आणि शेवटी कुठला आवाज आपला वाटला.

सुरुवात मीच करते. मी गाणं शिकते, त्यामुळे माझी परीक्षा तानपुऱ्याची. पुरुषी तानपुरा काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावला तर खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. हेडफोन खालून पोकळ असेल तर ती तार कळते, पण तिचं अंग लागत नाही. वरचा भाग चढवलेला असेल तर जवारीचा, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा, झणकार सुटा होऊन टोचतो. सोनीचा एमडीआर-7506, ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स आणि सेनहायझरचा एचडी 600 मी एकाच रेकॉर्डिंगवर ऐकले. 7506मध्ये गायकाचा श्वास, तबल्याच्या चाटेवरचा (काठावरचा) 'ना', सगळं बारीकसारीक पुढ्यात येतं. 1991 पासून स्टुडिओंनी तो का धरून ठेवलाय ते लगेच कळतं. एम50एक्समध्ये डग्गा भरदार, पण गळा किंचित मागे गेल्यासारखा. एचडी 600वर चारही तारा मिळून एक सूर झाला. तोच माझा. तो मागून उघडा असतो, म्हणजे बसमध्ये उपयोग नाही आणि घरात शेजारी बसलेल्यालाही तुमचं गाणं ऐकू जातं.

तुलना करताना आवाजाची पातळी मात्र सारखी करून घ्या. जरासा मोठा वाजणारा हेडफोन कानाला आपोआप चांगला वाटतो, आणि दुकानात निवड नेमकी तिथेच चुकते.

मुरारजी पेठ, तबलावादक

ताई, 'ना'बद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं. मी मात्र डग्गा ऐकून ठरवतो. मनगट सरकवून काढलेली मींड खालून वर कशी चढते, हे सलग ऐकू आलं पाहिजे. बेस फुगवलेल्या बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनांत प्रत्येक आघाताचा नुसता 'धब्ब' होतो आणि मींड त्याच्याखाली गाडली जाते. एकेजीचा के240 मला त्यासाठी पटला. खोल बेस त्यात नाही, नवीन हिंदी गाणी त्यावर पातळ वाटतात. पण शाईवरचं (काळ्या भागावरचं) बोट आणि मैदानावरचं (शाईबाहेरच्या चामड्यावरचं) बोट यातला फरक तो दाखवतो. मला तेवढंच हवं होतं.

अशोक चौक

आमच्या घरी हेडफोन आला तो नान्नांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. त्यांचा सगळा जन्म यंत्रमागावर गेला. मागाच्या खटखटीत वर्षानुवर्षं राहिलं की कान आधी वरच्या पट्टीत खचतो, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. स, श, त या अक्षरांची धार बरीचशी त्याच वरच्या पट्टीत असते. त्यामुळे नान्नांना गाणं ऐकू यायचं, चाल कळायची, शब्द मात्र कळायचे नाहीत. मग ते टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि घरात वाद.

आधी मी त्यांना सगळे ज्याची तारीफ करतात तसा मऊ, उबदार आवाजाचा हेडफोन लावून दिला. त्यांनी पाच मिनिटांत काढून ठेवला. नंतर मित्राकडून बायरडायनॅमिकचा डीटी 990 आणला. त्याचा वरचा भाग चांगलाच चढा आहे. मला स्वतःला तो अर्धा तासही सोसत नाही, 'स' कानात शिट्टीसारखा घुसतो. नान्नांनी त्यावर त्यांची तेलुगू भजनं लावली, थोडं ऐकलं आणि ओठ हलायला लागले. शब्द म्हणत होते. मग स्वतःच हात नेऊन त्यांनी आवाज एक घर कमी केला. आमच्या घरात आवाज कमी करणारे नान्ना मी पहिल्यांदाच बघितले.

एक कळकळीचं सांगणं: घरी मागावर काम केलेलं कोणी असेल तर आधी कानाची तपासणी करून घ्या. हेडफोन हा श्रवणयंत्राला पर्याय नाही. आणि आपल्यासाठीही, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ही मोठ्यांसाठी मर्यादा आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते.

पुण्यात नोकरी, घर जुळे सोलापूर

हुतात्मा एक्सप्रेसने ये-जा. सोनीचा डब्ल्यूएच-1000एक्सएम4 वापरतो. गाडीची घरघर, एसी, पंखा असा एकसुरी आवाज तो जवळजवळ पुसून टाकतो. पण समोरच्या बाकावर कोणी मोठ्याने बोलत असेल तर ते येतंच, कारण नॉइज कॅन्सलिंग मुळात खालच्या, सलग आवाजावर चांगलं चालतं. अशोक चौकवाल्या दादांच्या मागाच्या खटखटीवरही त्याची मात्रा फारशी चालणार नाही. मूळ आवाजात बेस जास्त आहे, ॲपमधून खाली घेतला की गाणं मोकळं होतं. मीटिंगमध्ये हेडफोनचाच माईक लावला तर आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो, तो बिघाड नव्हे. ब्लूटूथ तेव्हा बोलण्याच्या मोडमध्ये जातं. माईक लॅपटॉपचा निवडा.

गणपतीत साउंड चालवणारा

सेनहायझर एचडी 25. 1988 पासून बाजारात आहे, हलका आहे, एक कान फिरवून मागे टाकता येतो. मिरवणुकीत हलगी आणि ढोल चालू असताना मिक्सरमध्ये काय येतंय ते ऐकायला दुसरं काही चालत नाही. घरी निवांत गाणी ऐकायला मी तो घेणार नाही, कान दाबतो.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

काका लोकांचं बजेट आमच्याकडे नाही. माझ्याकडे वायरवाला साधा आयईएम (कानात आत बसणारा इअरफोन) आहे आणि मोबाईलवर वेव्हलेट ॲप. त्यात हेडफोनचं मॉडेल निवडलं की हार्मनच्या वक्राकडे झुकणारी दुरुस्ती आपोआप लागते. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या संशोधकांनी बऱ्याच लोकांना ऐकवून बहुतेकांना कुठला तोल आवडतो ते काढलं, त्याचा हा वक्र. मी तिथून सुरुवात केली आणि खालचा भाग आणखी थोडा वाढवला. संबळ लावून बघा, मग कळेल का वाढवला. रबरी टिप मात्र कानात घट्ट बसली पाहिजे, नाहीतर बेस गेलाच.

नवी पेठ, दुरुस्तीचं काम करतो

टिपचं बरोबर बोललास. चष्मेवाल्यांचंही तेच होतं. काडीमुळे गादी उचलली जाते आणि बंद हेडफोनचा बेस गळतो. बारीक काडीचा चष्मा लावून ऐकून बघा.

दुसरं, एचडी 600 हा 300 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). डीटी 990 तर 32, 250 आणि 600 ओहममध्ये येतो, घेताना खोक्यावर बघा. जास्त ओहमवाला सरळ मोबाईलला जोडला तर मिणमिणता वाजतो आणि लोक म्हणतात, पीस खराब लागला. छोटा अँप लागतो, बाकी काही नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे रेक्झिनची गादी अर्ध्या तासात घामाने चिकट होते. मखमली गादी मिळत असेल तर ती बसवा. बंद हेडफोनचा बेस तिने थोडा उतरतो, वाऱ्याला जागा मात्र होते.

अशोक चौक

अँप आहे दादा, मित्राचाच. ताई, एकदा तुमचा एचडी 600 नान्नांना ऐकवायचा आहे. रविवारी सकाळी जमेल का? डीटी 990 मी घेऊन येतो, तुम्ही तानपुरा लावून बघा.

धागाकर्ती

जरूर या. नान्नांनाही आणा, त्यांची भजनं असलेला मोबाईल विसरू नका. मुरारजी पेठेतले दादा के240 घेऊन आले तर आणखीच छान.