आईचं घरकुल अडलंय: आजोबांच्या नावची घरपट्टी, सामाईक जागा आणि ३१ डिसेंबरची मुदत. मदत हवी आहे

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय आईच्या घराचा आहे आणि हातात दिवस थोडे आहेत, म्हणून लांबलं तरी सगळं लिहिते.

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यात, सीना नदीकाठच्या एका गावात. आजोबांचं जुनं माळवदाचं घर. आजोबा २००९ साली गेले. त्यांना तीन मुलगे: थोरले आण्णा, मधले तात्या आणि धाकटे माझे वडील. वडील २०१६ साली गेले. घराची वाटणी आजोबांच्या हयातीतच झाली, पण तोंडी. रस्त्याकडचे दोन खण आण्णांचे, मधला सोपा तात्यांचा, आणि चुलीची खोली व तिच्यामागचं मोकळं परस आमचं. कागदावर काहीच नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८ ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) आजही आजोबांचंच नाव आहे.

आण्णा वीसेक वर्षांपूर्वी सोलापूर शहरात गेले, त्यांच्या खणांना कुलूप आहे. तात्या तिथंच राहतात. आई चुलीच्या खोलीत एकटी राहते आणि लोकांच्या रानात रोजानं जाते. भाऊ चाकणला कंपनीत कंत्राटावर आहे, मी पिंपरीत असते.

फेब्रुवारीत आईला प्रधानमंत्री आवास योजनेचं मंजुरीपत्र मिळालं. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात बालेवाडीच्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरी मिळाली, त्यातलीच ती एक. खात्यावर पहिल्या हप्त्याचे १५,००० आले. मंजुरीपत्र तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवलंय. त्या वेळी जागेसाठी आण्णांनी आणि तात्यांनी साध्या कागदावर संमती लिहून दिली होती आणि ती चाललीही होती.

परसात पाया खोदायला घेतला तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. मग सप्टेंबरात सीनेला जो पूर आला तो तुम्ही बातम्यांत पाहिलाच असेल. पाणी गावात शिरलं. चुलीच्या खोलीची मागची भिंत बसली. पंचनाम्यात ‘अंशतः पडझड, कच्चं घर’ अशी नोंद झाली आणि ४,००० रुपये मिळाले. राहिलेल्या तीन भिंतींवर ताडपत्री टाकून आई आत्ता राहते आहे. दिवाळीनंतर भावानं उसनवारी करून जोत्यापर्यंत काम आणलं. आता जोत्याचा फोटो जिओटॅग झाला (जागेच्या नोंदीसह सरकारी अ‍ॅपवर चढला) की दुसरा हप्ता पडणार होता.

तेवढ्यात तात्यांनी ग्रामपंचायतीत लेखी हरकत दिली: जागा सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, माझी संमती मागं घेतो. गृहनिर्माण अभियंता आले आणि फोटो न काढताच गेले. म्हणाले, आधी घरातला वाद मिटवा, नाहीतर नमुना ८ स्वतःच्या नावचा आणा. ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर मिळालं की थकबाकी पूर्ण भरल्याशिवाय उताऱ्याचं काहीच होणार नाही.

तात्यांना मी फोन केला. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते सगळंच चुकीचं वाटत नाही. “तुझ्या आईच्या घराला माझं न्हाई नाही. पर अकरा वर्सं पट्टी कुणी भरली न्हाई, नोटीस माझ्या दारावर चिकटती. ज्याला घर पायजे त्यानं पट्टी भरावी.”

मागणीचे आकडे असे आहेत. मागची थकबाकी १२,४०० आणि चालू वर्षाचे १,३४०, म्हणजे एकूण १३,७४०. यात घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी आहे. नळ एकच, तात्यांच्या सोप्यात. आई हातपंपाचं पाणी भरते.

राज्याच्या समृद्ध पंचायतराज अभियानात निवासी घरांच्या जुन्या थकबाकीवर ५० टक्के सवलत देता येते, तसा ठराव आमच्या ग्रामसभेनं केलाय. चालू वर्षाचा कर पूर्ण आणि थकबाकीची निम्मी रक्कम एकदम भरायची, मुदत ३१ डिसेंबर २०२५. म्हणजे ६,२०० अधिक १,३४०, एकूण ७,५४०. तीन हिस्से केले तर आईच्या वाट्याला अडीच हजारांच्या आसपास येतात. पण तिघांनी मिळून भरायचं तर तिघं एका जागी यायला हवेत. आणि एकट्या आईनं सगळे भरले, तरी उतारा तिच्या नावावर होईलच याची खात्री कुणी देत नाही.

घरकुल मंजुरीपासून १२ महिन्यांत पूर्ण करायचं असतं. फेब्रुवारी आलाच.

मला एवढं कळून घ्यायचंय: आईला तिच्या हिश्श्यापुरतीच पट्टी भरता येते का? वाटणीपत्र नसताना तिचं नाव नमुना ८ ला कसं लागतं? तात्यांची हरकत असताना हप्ता कायमचा अडतो का? आणि मी व भावानं हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) लिहून दिली तर काम सोपं होईल का? आईसाठी मी कुठंही सही करायला तयार आहे. कृपया अनुभव असलेल्यांनी लिहा.

निवृत्त_ग्रामसेवक:

ताई, तुम्ही नीट मांडलंत, म्हणून उत्तर देणं सोपं झालं. मी अठ्ठावीस वर्षं हेच काम केलंय. तुमच्या प्रकरणात तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठीत बांधल्या गेल्यात, त्या आधी सोडवा.

नमुना ८ चा उतारा म्हणजे कर आकारणी नोंदवहीची नक्कल. येणे बाकी नसल्याचा दाखला, ज्याला लोक बेबाकी म्हणतात, तो निराळा. आणि नोंदीतलं नाव बदलणं हे तिसरं. पहिल्या दोन्ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतात, अर्जाची पोच मिळते, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं. म्हणून तीन अर्ज वेगवेगळे द्या आणि प्रत्येकावर पोच घ्या. तोंडी नकार अपिलात दाखवता येत नाही.

त्याबरोबर नमुना ९, म्हणजे मागणी नोंदवहीची नक्कल मागा. १२,४०० कोणकोणत्या वर्षांचे, त्यात पाणीपट्टी किती, हे त्यात वर्षवार दिसेल. नळजोडणी तात्यांच्या वापरात आहे, तर तेवढी रक्कम बाजूला काढून घरात बोलता येईल. मी पाहिलेल्या निम्म्या भाऊबंदकीत भांडण आकड्याचं नसायचं, आकडा कुणी फोडून दाखवलेला नसायचा म्हणून ते पेटायचं.

हिश्श्यापुरती पट्टी भरायची तर आकारणी आधी वेगळी व्हायला हवी, आणि ती वाटणी कागदावर आल्याशिवाय होत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत ते जमणार नाही. म्हणून सवलतीचे ७,५४० एकरकमी भरा असं मी सुचवतो. पावती, म्हणजे नमुना १०, आजोबांच्याच नावानं फाटेल. तिच्यावर ‘हस्ते’ म्हणून आईचं नाव लिहून घ्यायला मात्र विसरू नका. उद्या हिशेब करताना तेवढा एक शब्द कामाला येतो.

नावाचं सांगतो. आईचं एकटीचं नाव लावायला जाऊ नका, तिथं तात्या अडवणारच. आधी आजोबांच्या जागी सगळ्या वारसांची नावं लावा: आण्णा, तात्या, आणि तुमच्या वडिलांच्या पश्चात आई, भाऊ व तुम्ही. यात कुणाचा हिस्सा कमी होत नाही, त्यामुळे तात्यांना नाही म्हणायला कारण उरत नाही. दोन्ही मृत्यूचे दाखले जोडा. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, हे त्यांनाही समजावून सांगा. नाव लागलं म्हणजे जागा गेली, ही भीती गावाकडे फार आहे.

आकारणीच चुकीची वाटली तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील आहे. भिंत पडली आहे, तर पुढच्या वर्षीच्या आकारणीत त्या भागाची नोंद बदलण्यासाठी पंचनाम्याची प्रत जोडून आत्ताच अर्ज द्या. आणि एक आधीच सांगून ठेवतो. आकारणी भांडवली मूल्यावर होते, दगड-मातीच्या घराला दर कमी असतो आणि स्लॅबच्या घराला जास्त. घरकुल झालं की पट्टी वाढेल, ती दर वर्षी भरायची तयारी ठेवा. ३० सप्टेंबरच्या आत भरली तर ५ टक्के सूट मिळते.

माहेरवाशीण_लातूर:

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले. हक्कसोड घाईघाईनं लिहून देऊ नका. माझ्या आईच्या वेळी मी तेच केलं होतं. पुढं आईच्या बाजूनं बोलायची वेळ आली तेव्हा बैठकीत मला सांगितलं गेलं की तुझा इथं संबंध नाही. वडिलांच्या हिश्श्यात आई, भाऊ आणि तुम्ही सारख्याच वारस आहात. तुमचं नाव कागदावर राहिलं तर आईच्या मागं एक माणूस जास्त उभं राहतं.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधीच्या त्या सभेत आईला स्वतः बोलू द्या. एकट्या बाईनं जोत्यापर्यंत आणलेलं घर अडलंय, हे चार बायांसमोर तिच्या तोंडून आलं आणि इतिवृत्तात गेलं तर फरक पडतो. आमच्याकडे पडला.

भूकरमापक:

तुमच्या गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली आहे का, ते आधी बघा. झाली असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) तयार झाली असेल, आणि त्यावर कुणाचं नाव आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तिथंही आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात द्यावा लागेल. ग्रामपंचायतीत नाव लागलं म्हणून तिथं आपोआप लागत नाही, लोक इथं फसतात.

जागाच मिळत नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे. पण ती जागा नसलेल्यांसाठी. आईचा हिस्सा आहे आणि जोतंही उभं आहे, तेव्हा तुमच्यासाठी हा शेवटचा मार्ग.

सीनाकाठ:

मीही त्याच भागातला. पुरानंतर आमच्याकडे कित्येकांची घरकुलं अशीच थांबलीत. गटविकास अधिकाऱ्यांना मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या, कारण पूर लिहा, पंचनाम्याची प्रत लावा. तालुक्याचा लोकशाही दिन (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो) तिसऱ्या सोमवारी असतो, या महिन्यात १५ तारखेला. आईला घेऊन जा. ५ ब्रास वाळू मोफत मिळते, तिचीही मागणी त्याच वेळी करा. आणि राज्यानं एप्रिल २०२५ मध्ये घरकुलाच्या अनुदानात ५०,००० वाढवलेत, ३५,००० बांधकामाला आणि १५,००० सौर पॅनेलला. मूळ १ लाख २० हजारांच्या वर हे धरूनच स्लॅबचा हिशेब करा.

धागाकर्ती (२१ डिसेंबर २०२५):

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण आठवडाभर गावीच होते.

नमुना ९ ची नक्कल अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी मिळाली. १२,४०० मधले ४,९५० निव्वळ पाणीपट्टीचे निघाले. तो कागद घेऊन मी आणि भाऊ तात्यांकडे गेलो. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, “पाण्याचं मी देतो.” आण्णा सोलापूरहून आले. गुरुवारी तिघांच्या वतीनं ७,५४० भरले. पावतीवर ‘हस्ते’ म्हणून आईचं नाव आहे. तिनं अंगठा न देता सही केली, दोन वर्षांपूर्वी शिकलेली.

वारस नोंदीच्या अर्जावर तात्यांनी सही केली. परसाच्या संमतीवर अजून केलेली नाही, संक्रांतीनंतर बघू म्हणतात. मी हक्कसोड दिलेली नाही. लोकशाही दिनाला आईला नेलं होतं. अभियंता पुन्हा पाहणीला पाठवू असं लेखी मिळालंय, तारीख नाही. मिळकत पत्रिका आमच्या गावाची झाली आहे आणि तीही आजोबांच्या नावावर आहे, तो अर्ज उद्या देतेय.

राहिलंय ते मुदतवाढीचं. गटविकास अधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाकाल का? मंगळवारी सकाळी भाऊ तालुक्याला जाणार आहे.