कडक पंखातलं प्रथिन म्हणजे आरआर-२ च ना?

प्रश्न
एका भुंगेऱ्याच्या ट्रान्सक्रिप्टोममधून (पेशींतल्या आरएनएच्या क्रमांच्या संचातून) क्युटिकलची, म्हणजे कीटकाच्या बाहेरच्या कवचाची, चौदा प्रथिनं वेगळी काढली आहेत. नमुना पुढच्या कडक पंखांचा, म्हणून सरसकट सगळ्यांपुढे ‘आरआर-२’ (कडक क्युटिकलशी जोडला जाणारा प्रथिनांचा वर्ग) लिहून मोकळी झाले. गाईडनी तक्ता परत पाठवला, वर नुसतं एक प्रश्नचिन्ह! आता नीट बघते तर तीन प्रथिनांत सॉफ्टवेअर ‘कायटिन-बाइंडिंग’ (क्युटिकलमधल्या कायटिनला चिकटणारं) दाखवतंय, पण आरआरचा पट्टा, म्हणजे त्या वर्गाची खूण असलेला अमिनो आम्लांचा तुकडा, नाही. दोघांत तर कायटिनचं नावही नाही. ही पाच वगळायची का?

उत्तर १
अहो, वगळू नका. हीच चूक मी केली होती, तीही पोस्टरवर, सगळ्यांदेखत.

वर्ग ठरतो तो अमिनो आम्लांच्या क्रमावरून, अवयवावरून नाही. रीबर्स आणि रिडिफर्ड यांनी १९८८ मध्ये जो पट्टा दाखवला (आरआर ही त्यांचीच आद्याक्षरं), तो असेल तर प्रथिन सीपीआर, म्हणजे आरआरवाल्या क्युटिकल प्रथिनांच्या, कुटुंबातलं. त्यातली आरआर-१ बहुधा मऊ क्युटिकलमध्ये आणि आरआर-२ कडक क्युटिकलमध्ये सापडतात. पण ‘बहुधा’च हं! रेझिलिन हे क्युटिकलचं प्रथिन रबरासारखं ताणलं जातं, तरी ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) रेझिलिनमधला पट्टा आरआर-२ चा आहे.

त्या ‘कायटिन-बाइंडिंग’वाल्या तिघांतली सिस्टीन (क्रमात ‘सी’ने लिहिलं जाणारं अमिनो आम्ल) मोजा. मी अजूनही क्रमाची प्रिंट काढून प्रत्येक ‘सी’ला लाल गोल करतो, विद्यार्थी हसतात, हसोत. आरआरच्या पट्ट्यात सिस्टीन सहसा नसतंच. ठरावीक अंतरांवर सहा गोल दिसले तर ते पेरिट्रॉफिनच्या (कीटकांच्या आतड्याच्या अस्तरातल्या प्रथिनांच्या) गोतावळ्यातलं, म्हणजे सीपीएपी. असा सहा सिस्टीनचा डोमेन (तुकडा) एकच असेल तर सीपीएपी-१, तीन असतील तर सीपीएपी-३. सॉफ्टवेअर दोन्ही घराण्यांना ‘कायटिन-बाइंडिंग’च म्हणतं, घोळ तिथे होतो.

उत्तर २
उरलेल्या दोघांत सीपीएफ या क्युटिकल प्रथिनांच्या आणखी एका कुटुंबाचा ४४ अमिनो आम्लांचा तुकडा शोधा. नसेल तर ट्वीडल या तशाच दुसऱ्या कुटुंबाचे चार जतन झालेले (सगळ्या सदस्यांत जवळपास सारखे राहिलेले) भाग जुळतात का बघा. (ट्वीडलच्या एका जनुकात बिघाड झाला की ड्रोसोफिलाची अळी आखूड, गुबगुबीत होते.) त्याआधी सिग्नल पेप्टाइड (क्रमाच्या सुरुवातीचा, प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा तुकडा) तपासा. ही प्रथिनं पेशीबाहेर जाणारी, त्यामुळे ते असायलाच हवं.

प्रश्नकर्ती
रात्री लाल पेन घेऊन बसले. त्या तिघांपैकी दोघांत अठरा-अठरा गोल, तिसऱ्यात सहाच! उरलेल्यांपैकी एक ट्वीडल निघालं. शेवटच्यात सिग्नल पेप्टाइड नाही, सुरुवातीचं मेथिओनिनच (प्रथिनाचं पहिलं अमिनो आम्ल) गायब आहे, म्हणजे क्रमच अर्धवट दिसतोय. असेंब्ली (तुकडे जोडून केलेले क्रम) परत उघडते.