अमेरिकेच्या यादवी युद्धानं वऱ्हाडाचं भलं केलं की वाटोळं?

पऱ्हाटीवाला, दारव्हा: आमच्या शिवारात ज्वारी दिसत नाही, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कापूसच. मला याचं मूळ १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दिसतं. उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या तिथल्या कापसाविना बंद पडू लागल्या आणि मुंबईत भाव भडकले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होतंच. सावकारानं उचल दिली, कापसाचा पेरा वाढला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज राहिलं. त्या युद्धानं गुलामगिरी मोडली, त्याचं मोल मी मानतो. पण इथल्या कास्तकाराला कोणी विचारलं?

हिंगणघाटचा: भाऊ, कापूस युद्धानं आणला नाही. आमचा बनी कापूस त्याच्या आधीपासून नावाजलेला. लमाणांचे तांडे तो बैलांवर लादून पार मिर्झापूरपर्यंत नेत. युद्धामुळं इंग्रजांना घाई सुटली, हे खरं: १८६७ ला आगगाडी नागपूरला पोचली, १८७० ला खामगावला फाटा गेला. १८७७ ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल नागपुरात काढली, तीही कापूस जवळ होता म्हणूनच. हे भलं नाही का? कर्जाचं म्हणाल, तर शेतसारा रोखीत भरा आणि जमीन गहाण टाका, ही इंग्रजी कारभाराची करणी.

उमरेडची लेक: दादा, त्याच गाडीनं येताना मँचेस्टरचं सूत अन् कापड आणलं. कोष्ट्यांचे माग, घरोघरी सूत कातणाऱ्या बाया, यांचा हिशोब तुम्ही धरलाच नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात रूळ होते, पण धान्य विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता. लोक मेले. भावाच्या आशेवर जगणं तेव्हापासूनचं आहे. आजही भाव चढेल म्हणून कापूस घरात आढ्यापर्यंत भरून ठेवतो, त्याच खोलीत लेकरं झोपतात अन् अंग खाजवत उठतात. मला हे भलं म्हणवत नाही.

पऱ्हाटीवाला, दारव्हा: ताईंचं पटतं. शेतसाऱ्याचा मुद्दाही मान्य, हिंगणघाटवाले भाऊ. पण भाव परमुलखात ठरतो ही गोष्ट गावाला खऱ्या अर्थानं त्या चार वर्षांत भोवली.

हिंगणघाटचा: दुष्काळाचं मी नाकारत नाही, ताई. पण ज्वारी गेल्याचा दोष दीडशे वर्षांमागच्या युद्धावर नका टाकू. माझ्या बापाच्या काळापर्यंत आमच्याकडे ज्वारी होती, कडब्याच्या गंज्या होत्या. रोही (नीलगायी) अन् रानडुकरं कणसं ठेवत नाहीत, रात्रभर जागलीला माणूस मिळत नाही, म्हणून ती सोडली.